डीसीएस वर्ल्ड नव्याने उडवणाऱ्यांसाठी: कंट्रोल्स आणि सेटअपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीसीएस हा संगणकावर लढाऊ विमानं उडवायचा सिम्युलेटर फुकट आहे म्हणतात, मग लोक पैसे कशाचे भरतात?

मूळ प्रोग्राम फुकट आहे. सोबत सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी मस्टँग ही दोन विमानं मिळतात, शिवाय काकेशस आणि मरियाना हे दोन नकाशे. बाकी प्रत्येक विमान आणि बहुतेक नकाशे ‘मॉड्यूल’ म्हणून वेगळे विकत घ्यावे लागतात. खर्च होतो तो तिथे.

डीसीएस बनवणाऱ्या ईगल डायनॅमिक्सच्या स्वतःच्या साइटवरून उतरवलेल्या आवृत्तीत बहुतेक मॉड्यूल १४ दिवस फुकट चालवून बघता येतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात ही सोय नाही. स्टीमवर घेतलेली मॉड्यूल ईगलच्या खात्याला जोडता येतात, उलटं मात्र होत नाही. त्यामुळे पहिल्यांदाच घेत असाल तर साइटवरचीच आवृत्ती घ्या. आणि एसएसडीवरच टाका. साध्या हार्ड डिस्कवर मिशन लोड होईपर्यंत चहा पिऊन होईल, आणि उडतानाही झटके बसत राहतील.

फुकटच्या दोन विमानांपैकी कोणतं आधी शिकू?

उडवायला शिकायचं असेल तर मस्टँग, लगेच काहीतरी फोडायचं असेल तर सुखोई. माझं मत मस्टँगच्या बाजूने आहे. त्याला शस्त्रं नाहीत हे खरं, पण कॉकपिटमधलं प्रत्येक बटण माउसने दाबता येतं आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची उभी फळी) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लागते. सुखोई-२५टीच्या कॉकपिटमध्ये माउस चालत नाही. सगळं कीबोर्डवरून किंवा जॉयस्टिकवरून करावं लागतं, कॉकपिटमधली अक्षरं रशियन, आणि रणगाडे शोधायच्या ‘श्क्वाल’ कॅमेऱ्याचं प्रकरण वेगळंच. फुकट आहे म्हणून सोपं असेल, असं समजून बरेच जण तिथेच अडकतात आणि आठवडाभरात गेम काढून टाकतात.

मिग-२१बिस हे विकतचं मॉड्यूल आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना तेच पहिलं हवं असतं, आणि ते समजण्यासारखं आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बनली, आणि हवाई दलाने त्यांना निरोप दिला तो थेट सप्टेंबर २०२५ मध्ये. पण हे विमान नवख्याला माफ करत नाही. उतरताना वेग जरा जरी ढिला सोडलात तर ते खाली आपटतं. दुसरं किंवा तिसरं विमान म्हणून घ्या.

जॉयस्टिक नसली तर चालेल का?

चालेल, पण मजा येणार नाही. कीबोर्डवर दांडी एकतर पूर्ण वळते किंवा अजिबात नाही, मधलं काही नसतं. गेमपॅड त्याहून बरा. पण फॉर्मेशनमध्ये उडायचं, हवेत इंधन भरायचं, हेलिकॉप्टर एका जागी स्थिर धरायचं, यातलं काहीच गेमपॅडवर धड होत नाही.

मग कोणती घ्यावी?

पहिली जॉयस्टिक घेताना एकच अट पाळा: दांडी पिळता आली पाहिजे. ते पिळणं रडरचं काम करतं, म्हणजे पेडलचा खर्च पुढे ढकलता येतो. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो आणि थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम या दोन्हींना ही सोय आहे. टी-१६०००एमच्या दांडीत चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर आहेत, त्यामुळे ती वर्षानुवर्षं मधल्या जागी नीट थांबते. पोटेन्शियोमीटरवाली दांडी काही काळाने थरथरायला लागते. हात न लावताही कॉकपिटमधली दांडी बारीक हलत असेल तर दोष त्याचाच. व्हीकेबी, विर्पिल वगैरे कंपन्यांच्या जॉयस्टिक चांगल्याच आहेत, पण बाहेरून मागवायच्या तर किमतीवर कस्टम्स ड्यूटी धरूनच हिशेब करा.

वेगळा थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा लीव्हर) दुसऱ्या टप्प्यावर घ्या, पेडल तिसऱ्या. हेलिकॉप्टरच उडवायचं असेल तर हा क्रम उलटा करा.

विमान आपोआप एका बाजूला कलतं. ब्रेक दाबला तर नाक खाली जातं. थ्रॉटल पुढे केला की पंख हलतात! विमानात बिघाड आहे का?

नाही. नव्या माणसांकडून मला हाच प्रश्न सर्वात जास्त ऐकू येतो, आणि दहापैकी नऊ वेळा कारणही तेच असतं.

नवं उपकरण लावलं की डीसीएस न विचारता त्याच्या अ‍ॅक्सिस वाटून टाकतो. अ‍ॅक्सिस म्हणजे दांडी-पेडलसारखं हळूहळू सरकणारं कंट्रोल. जॉयस्टिकच्या एक्स आणि वाय अ‍ॅक्सिस रोल (पंख कलणं) आणि पिच (नाक वर-खाली होणं) यांना लावतो, ते बरोबरच आहे. पण थ्रॉटल आणि पेडल यांनाही स्वतःच्या एक्स आणि वाय अ‍ॅक्सिस असतात. पेडलवर त्या म्हणजे पायाच्या बोटांनी दाबायचे डावा-उजवा ब्रेक. डीसीएस त्यांनाही रोल आणि पिच देऊन मोकळा होतो. मग तुम्ही धावपट्टीवर उजवा ब्रेक दाबता आणि विमान समजतं की तुम्ही दांडी ढकलली. दोन मालक एकाच गाडीचं स्टिअरिंग धरून बसल्यावर व्हायचं तेच होतं.

उपाय असा. ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स उघडा. डावीकडे वरच्या यादीत विमान निवडा, कारण प्रत्येक विमानाचं कोष्टक वेगळं असतं. शेजारच्या यादीत ‘अ‍ॅक्सिस कमांड्स’ निवडा. आता आडव्या ओळीत कमांड आणि उभ्या रकान्यात तुमची उपकरणं दिसतील. पिचची ओळ बघा. जॉयस्टिकच्या रकान्यात काहीतरी लिहिलेलं असेल, ते राहू द्या. त्याच ओळीत थ्रॉटल किंवा पेडलच्या रकान्यातही काही असेल तर त्या चौकटीवर क्लिक करून ‘क्लिअर’ दाबा. रोल, रडर, थ्रस्ट, व्हील ब्रेक, सगळ्या ओळींना हेच. नियम सोपा आहे: एका ओळीत एकच उपकरण.

मग उरलेल्या अ‍ॅक्सिस हाताने लावा. चौकटीवर दोनदा क्लिक केलं की खिडकी उघडते. तुमचा लीव्हर किंवा पेडल हलवलं की डीसीएस ते स्वतःच ओळखतो.

झालं की मिशन सुरू करा आणि उजवा कंट्रोल धरून एंटर दाबा. कोपऱ्यात एक छोटी चौकट येते, त्यात दांडी, रडर आणि थ्रॉटल कुठे आहेत ते दिसतं. हात काढून घ्या. दांडीचं चिन्ह मधोमध असायला हवं. आता फक्त पेडल हलवा. दांडीचं चिन्ह जरा जरी हललं तर एखादी चौकट साफ करायची राहून गेली आहे. नवं विमान घेतलं की दर वेळी ही तपासणी करा. मिनिटभराचं काम आहे.

व्हील ब्रेक कायम लागलेलेच का दिसतात?

पेडलच्या ब्रेकची अ‍ॅक्सिस उलटी लागली आहे. अ‍ॅक्सिस ट्यूनमध्ये ‘इन्व्हर्ट’वर खूण करा. विमान पूर्ण थ्रॉटल देऊनही जागचं हलत नसेल तर आधी इथेच बघा, इंजिनाला दोष देऊ नका. थ्रॉटलला ‘स्लायडर’ची खूण लावा.

कर्व्ह आणि डेडझोन किती ठेवू? सगळे वेगवेगळे आकडे सांगतात.

कारण हातागणिक आणि जॉयस्टिकगणिक ते वेगळेच असतात. तरी सुरुवातीला पिच आणि रोलला कर्व्हेचर १५ च्या आसपास ठेवा आणि मग बदलत जा.

यामागचं कारण कळलं की आकडा पाठ करावा लागत नाही. खऱ्या लढाऊ विमानाची दांडी बऱ्याचदा गुडघ्यांच्या मधून वर येते, लांब असते, तिचा प्रवास मोठा असतो. टेबलावरची दांडी वीतभर, तिचा प्रवास त्यामानाने बोटभर. तेवढ्यातच विमानाचा सगळा पल्ला बसवायचा असतो. म्हणून मधल्या भागात जरा हात हलला तरी नाक उड्या मारतं. कर्व्ह मधला भाग मऊ करतो. पण ते फुकट मिळत नाही: मधे जेवढं मऊ कराल, तेवढं कडेला एकदम तिखट होतं. तीसच्या पुढे गेलात की जोराने वळताना दांडी हातातून निसटल्यासारखी वाटते.

डेडझोन, म्हणजे मधला ज्यात हालचाल मोजलीच जात नाही तो भाग, हॉल सेन्सरच्या दांडीला शून्य ठेवा. जुन्या दांडीला थरथर थांबेल इतकाच, दोन-तीन पुरतो. थ्रॉटलला कर्व्ह नको. हेलिकॉप्टरला कर्व्हपेक्षा ‘सॅच्युरेशन वाय’ थोडं कमी करून बघा. त्यात सगळा पल्ला सारखा मंद होतो, कडेला आश्चर्याचा धक्का बसत नाही.

एफ-१६ची खरी दांडी जेमतेम हलते, ती हाताचा दाब मोजते. त्यामुळे आपल्या दांडीवर ती ‘अगदी तशी’ कधीच वाटणार नाही. त्याच्या मागे लागू नका.

यादीत शेकडो कमांड आहेत. सगळ्या लावायच्या का?

मुळीच नाही. कॉकपिटमध्ये माउस चालणारं विमान असेल तर बॅटरी, दिवे, रेडिओची फ्रिक्वेन्सी, जमिनीवर निवांत करायची सगळी कामं माउसवर सोडा. हवेत, मान मागे वळलेली असताना आणि दोन्ही हात अडकलेले असताना जे लागतं, तेवढंच हातात हवं.

मी क्रम असा ठेवतो. आधी चार अ‍ॅक्सिस. मग दांडीवरच्या चार दिशांच्या टोपीवर ट्रिम (ते काय, ते खाली सांगितलं आहे). मग ट्रिगर आणि शस्त्र सोडायचं बटण. मग एअरब्रेक, चॅफ-फ्लेअर (क्षेपणास्त्रांना चकवायचे तुकडे आणि ज्वाळा), रेडिओचा मेन्यू. यावर निदान आठवडाभर उडा. बाकीचं जसं जसं हात शोधायला लागेल तसं लावत जा. हाताने शोधलेलं बटण लक्षात राहतं. यादी बघून लावलेलं दुसऱ्या दिवशी विसरतं.

एफ/ए-१८ हॉर्नेटसारख्या विमानात पुढे सेन्सर कंट्रोल स्विचच्या चार दिशा, टीडीसी म्हणजे पडद्यावरचा कर्सर हलवायच्या चार दिशा आणि तो दाबणं, शस्त्र निवडायच्या चार दिशा, एवढं लागतंच. जमिनीवर नोजव्हील वळवायचं आणि हवेत लक्ष्यावरची निवड काढायची कळ एकच आहे. खऱ्या विमानातही तसंच आहे, ती दोनदा शोधत बसू नका.

यादीवर शोधायची चौकट आहे, ती वापरा. आणि ‘मेक एचटीएमएल’ दाबलं की सगळी मांडणी फाइलमध्ये येते, ती छापून भिंतीवर लावता येते.

माझ्या जॉयस्टिकवर बटणं कमी आहेत.

एक बटण मॉडिफायर करा. करंगळीखालचं सर्वात चांगलं. ‘मॉडिफायर्स’मध्ये ते जोडा, म्हणजे ते धरून दुसरं बटण दाबलं की वेगळी कमांड जाते. एका बटणाच्या मोबदल्यात उरलेली सगळी दुप्पट होतात. फक्त ट्रिगरवर मॉडिफायरची कमांड ठेवू नका. घाईत करंगळी सुटते आणि नको तिथे गोळ्या सुटतात.

ट्रिम म्हणजे काय आणि ते सारखं का लागतं?

सरळ उडत असताना दांडी थोडी पुढे किंवा मागे धरून ठेवावी लागत असेल तर विमान ट्रिममध्ये नाही. ट्रिमची टोपी दाबत दाबत हातावरचा ताण शून्यावर आणायचा, म्हणजे दांडी सोडली तरी विमान तसंच जातं. वेग बदलला, फ्लॅप उघडले, एका पंखाखालचा बॉम्ब टाकला की पुन्हा ट्रिम. सुखोई-२५टी आणि मस्टँगमध्ये हे सतत चालतं. हॉर्नेट आणि एफ-१६चा संगणक बरंचसं स्वतः करतो. मात्र हॉर्नेटची चाकं आणि फ्लॅप खाली आले की तुम्हालाच ट्रिम करून ८.१ अंशांच्या अँगल ऑफ अटॅकवर (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) बसवावं लागतं. विमानवाहू बोटीवर उतरण्याचा अर्धा अभ्यास तोच आहे.

मस्टँग धावपट्टीवरच गरकन डावीकडे फिरतं!

फिरणारच. एवढा मोठा पंखा आणि एवढं ताकदवान इंजिन, त्याचा सगळा ओढा डावीकडे. गाडीत बसून थेट पाय दाबल्यासारखा थ्रॉटल टाकलात तर रडर पुरतच नाही.

रडर ट्रिम उजवीकडे सहा अंश ठेवा. दांडी पोटाशी ओढून धरा. दांडी मागे असेपर्यंत शेपटीचं चाक लॉक राहतं आणि रडरबरोबर थोडंच वळतं. दांडी पुढे ढकललीत की ते मोकळं फिरायला लागतं, आणि तिथेच बहुतेकांचं विमान गवतात जातं. थ्रॉटल सावकाश वाढवा, उजवा पाय त्याबरोबर आत जाऊ द्या. मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) ६१ इंच आणि ३००० आरपीएम ही टेकऑफची कमाल आहे, आणि रिकाम्या विमानाला तेवढं लागतही नाही. वेग आला की हळूच शेपटी उचलू द्या. नाक पुन्हा डावीकडे ओढेल, पाय तयार ठेवा.

तरी जमत नसेल तर ऑप्शन्सच्या ‘स्पेशल’ पानावर या विमानाला टेकऑफची मदत आणि ऑटो रडर आहे. सुरुवातीला चालू ठेवायला हरकत नाही. पण ती हळूहळू शून्यावर आणा, नाहीतर पाय कधीच शिकत नाहीत.

हॉर्नेटमध्ये सगळं यादीप्रमाणे करतो, तरी इंजिन पेटत नाही.

तुमचा थ्रॉटल पूर्ण मागे म्हणजे ‘आयडल’, ‘ऑफ’ नाही, अशी तुमची समजूत आहे. विमानाच्या दृष्टीने तो अजून ‘ऑफ’च आहे. इंधन सुरू करायची कमांड अ‍ॅक्सिसपासून वेगळी आहे, यादीत डाव्या आणि उजव्या थ्रॉटलच्या ‘आयडल, ऑफ’ अशा नावाने सापडेल. बॅटरी, एपीयू (मोठं इंजिन सुरू करायला लागणारं छोटं इंजिन), मग क्रँकचा स्विच उजवीकडे, आरपीएम २५ टक्क्यांवर गेले की उजव्या इंजिनाची ती कमांड द्या. मग डावीकडे हेच.

सुरुवातीला हे सगळं टाळायचं असेल तर डावी विंडोज की धरून होम दाबा, विमान स्वतः सुरू होतं. त्यात कमीपणा नाही. आधी उडायला आणि उतरायला शिका, स्विच नंतर. इंजिन चालू असलेल्या मिशनने सुरुवात केली तर आणखी बरं.

लॅपटॉपवर बऱ्याच कमांड लागतच नाहीत.

डीसीएस डावा आणि उजवा कंट्रोल, डावा आणि उजवा ऑल्ट वेगळे धरतो. अनेक लॅपटॉपांवर नमपॅड नाही, पॉज की नाही, आणि २०२४ नंतरच्या काहींवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची की बसली आहे. साधा बाहेरचा कीबोर्ड लावणं सर्वात स्वस्त पडतं. नाहीतर ज्या कमांड लागतात त्यांना दुसऱ्या कळा द्या.

विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड टाकलेला असेल तर आणखी एक गोष्ट. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की विंडोज भाषा बदलतो, आणि डीसीएसमध्ये हे दोन्ही सारखे दाबले जातात. मग सर्व्हरवर रशियन माणसाला ‘चेक सिक्स’ (मागे बघ) लिहायला जाता आणि देवनागरी उमटते. कीबोर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट बंद करून टाका.

यूएसबी दुसऱ्या पोर्टला लावली आणि सगळी मांडणी गेली!

गेलेली नाही. मांडणी उपकरणाच्या ओळख क्रमांकाच्या नावाने साठवली जाते. पोर्ट बदलल्यावर विंडोज कधीकधी नवा क्रमांक देतो, आणि डीसीएसला ते नवंच उपकरण वाटतं. ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये डीसीएस, त्यात कॉन्फिग, त्यात इनपुट, तिथे विमानागणिक फोल्डर आहेत. जुनी फाइल अजून तिथेच असते. कंट्रोल्सच्या पानावर त्या रकान्यावर जाऊन ‘लोड प्रोफाइल’ने ती घ्या. वायरींवर पोर्टप्रमाणे खुणा करून ठेवा, आणि ते इनपुट फोल्डर दर महिन्याला कुठेतरी कॉपी करा. विंडोज नव्याने टाकण्याआधी तर नक्कीच.

यूएसबी मधेच ‘झोपत’ असेल तर पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा.

मिशन सुरू होताच थ्रॉटल आणि स्विच स्वतःच हलतात.

ऑप्शन्समध्ये मिसलेनियस पानावर कॉकपिट तुमच्या हार्डवेअरशी जुळवून घ्यायची एक खूण आहे. ती चालू असेल तर तुमचा थ्रॉटल जिथे असेल तिथे विमानाचाही जातो. खरे टॉगल स्विच असलेल्यांना ती हवी असते. बाकीच्यांनी काढून टाकावी, विशेषतः हवेत सुरू होणाऱ्या मिशनसाठी.

हेलिकॉप्टरमध्ये ट्रिम दाबलं की मशिन उसळतं.

ट्रिम दाबून दांडी सोडता, ती मधे येते, पण तोवर हेलिकॉप्टर दोन्ही मिळून दुप्पट हालचाल घेतं. ‘स्पेशल’ पानावर सेंट्रल पोझिशन ट्रिमर मोड निवडा. मग ट्रिमनंतर दांडी मधे परत येईपर्यंत तुमची हालचाल ऐकलीच जात नाही.

हेड ट्रॅकिंग, म्हणजे डोकं वळवलं की कॉकपिटमधली नजर वळणं, लागतं का?

लढाईत लागतं. विमान मागे गेलं आणि बघताच आलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे. ट्रॅकआयआर हे जुनं आणि खात्रीचं साधन आहे. पैसे नसतील तर ओपनट्रॅक हा फुकटचा प्रोग्राम साध्या वेबकॅमवरही चेहऱ्याची दिशा ओळखतो. खोलीत उजेड चांगला हवा, आणि पाठीमागे खिडकी नको. काही काळ फक्त टोपीच्या बटणावर नजर फिरवून काम भागतं. पण ट्रॅकिंगचा पैसा महागड्या थ्रॉटलआधी खर्च करा.

उडताना अधूनमधून क्षणभर सगळं थिजतं.

एखादं उपकरण सैल जोडलेलं असेल आणि डीसीएस ते पुन्हा पुन्हा शोधत असेल. कंट्रोल्सच्या पानावर ‘डिसेबल हॉट प्लग’ आहे, ते वापरून बघा. नंतर नवं काही लावलं तर ‘रीस्कॅन डिव्हायसेस’ दाबावं लागेल. फरक पडला नाही तर मेमरी बघा. १६ जीबीवर छोटी मिशन चालतात, गर्दीच्या सर्व्हरला ३२ हवीच.

इजेक्ट एकदा दाबलं तर काहीच झालं नाही.

डावा कंट्रोल धरून ई तीनदा दाबायचं. चुकून बाहेर पडू नये म्हणून तसं केलं आहे. आणि विमान उलटं असेल तर आधी सरळ करा, जमीन जवळ असेल तर खुर्ची तुम्हाला तिकडेच नेते.